आग्या मोहोळानंतरची गिरणी

"तुमच्या अंगातलं विष कधीच उतरलंय. किडन्या झकास आहेत. आता जे राहिलंय त्याला पीटीएसडी म्हणतात," जालन्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि खरं सांगतो, मला आधी आनंद झाला.

शुगर, बीपी, थायरॉईड आमच्या तीर्थपुरीत घरोघरी आहेत. त्यांचं कौतुक कुणाला? पण चार इंग्रजी अक्षरांचा आजार पंचक्रोशीत पहिल्यांदा आणला तो मी. हे नाव चौकात कसं टाकायचं याची जुळवाजुळव मी तिथंच खुर्चीत बसून सुरू केली.

शेजारी माझी बायको संगीता होती. माझं तोंड बघून म्हणाली, "अहो, पेढे वाटायचे का आता?"

पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर हे त्याचं पूर्ण नाव. म्हणजे असं, की जिवावर बेतलेला प्रसंग होऊन जातो, जखमा भरतात, पण मेंदूच्या एका कोपऱ्यात तो प्रसंग चालूच राहतो. तिथल्या चौकीदाराला कुणी सांगितलेलंच नसतं की चोर पळून गेले. तो आपला शिट्ट्या मारत बसतो. ज्यांच्या डोक्यात असा चौकीदार बसलाय त्यांच्यासाठी हे लिहून राह्यलो. मी थोडं वाढवून सांगतो असं गाव म्हणतं. तुम्ही आजाराचं आणि औषधाचं तेवढं पुरतं खरं धरा, बाकीच्यातून रुपयाला चार आणे वजा करा.

माझी पिठाची गिरणी आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. वडलांनी टाकली, मी चालवली. गिरणीवाल्याचा आवाज मोठा असतो, कारण त्याला मोटार, पट्टा आणि दगड या तिघांच्या वर बोलावं लागतं. दळण होईस्तोवर माणसं थांबायची आणि मी गोष्टी सांगायचो. काही बाया घरात पीठ असताना किलोभर ज्वारी घेऊन यायच्या, नुसती कालची गोष्ट पुरी ऐकायला.

त्या हिवाळ्यात आम्ही सासुरवाडीला, अंबडकडं, हुरडा खायला गेल्तो. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची. आगटी मोकळ्या रानात लावतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी वारं गार होतं आणि मी जावई होतो. जावयाला वारं लागू नये म्हणून मेहुण्यानं आगटी बांधावरच्या चिंचेच्या आडोशाला लावली. मला बसायला आधी ताडपत्री, त्यावर सतरंजी. एवढ्या मानपानात वर बघायचं सगळेच विसरले.

वर आग्या मोहोळ होतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाएवढं. धूर सरळ तिथं गेला.

पुढची गोष्ट मी गावात इतक्या वेळा सांगितली की दर खेपेला माश्या वाढत गेल्या. होळीपर्यंत त्या चिमणीएवढ्या झाल्या होत्या. म्हणून ती बाजूला ठेवतो आणि दवाखान्याचं सांगतो.

शेतात कुणीतरी माझ्या अंगावर विळा घासायला लागलं. डंखावर लोखंड घासायची आपल्याकडं रीत आहे. एका डंखाला ठीक असेल, मला अख्खा लोहार लागला असता. मेहुण्यानं विळा हिसकून फेकला आणि जीपमध्ये घालून अंबड गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, मग नाव विचारलं. हे ॲनाफिलॅक्सिस होतं. विषाला अंग इतकं भडकून उत्तर देतं की घसा सुजतो, श्वास अडतो, बीपी कोसळतं. तिथून ॲम्ब्युलन्सनं जालना.

आयसीयूत दोन सिस्टर चिमटे घेऊन माझ्यातले काटे काढत बसल्या. त्यातली एक म्हणाली, "भाऊ, तुमच्या पाठीवर अंगणवाडीच्या पोरांना आकडे शिकवता येतील." मला हसायचं होतं, पण ओठ वांग्याएवढे झाले होते.

दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. डॉक्टर गंभीर झाले. रॅब्डोमायोलिसिस म्हणाले. विषानं स्नायू फुटतात आणि त्यांचा गाळ किडनीच्या चाळणीत अडकतो. क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात साठलेली घाण सांगणारा आकडा, रोज चढत होता. डायलिसिस सुरू झालं. रक्त अंगाबाहेर काढून मशीन ते धुतं आणि परत आत सोडतं. डॉक्टर मला म्हणाले, "घाबरू नका. तुमच्या किडन्या सुट्टीवर गेल्यात, राजीनामा दिलेला नाही." त्या एका वाक्यावर मी कितीतरी रात्री काढल्या.

बाहेर बाकावर संगीता आणि फेरोजभाई. फेरोजभाईचं टेलरिंगचं दुकान माझ्या गिरणीला लागून आहे. तो दुकान बंद करून येऊन बसायचा आणि रिकामं बसवत नसल्यानं वेटिंग रूममधल्या माणसांच्या तुटलेल्या गुंड्या लावून द्यायचा. त्या मजल्यावर त्या काळात एकही माणूस उघड्या छातीचा राहिला नाही.

किडन्या कामावर परतल्या. सुटी मिळाली. एक गोष्ट लक्षात ठेवा. खूप माश्या चावल्या आणि माणूस हिंडताफिरता दिसला, तरी त्याला दवाखान्यात न्या. घात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो.

घरी आलो. चौकात हार घालून घेतले. दुसऱ्या सकाळी गिरणीत जाऊन स्टार्टर दाबला.

मोटार आधी हळू घूं करते, मग आवाज चढत जातो. उभ्या जन्मात तो आवाज मी कधी वेगळा ऐकला नव्हता, आपलं नाक आपल्याला दिसत नाही तसा. त्या दिवशी तो घूं पोटात शिरला. मला शुद्ध आली तेव्हा मी बस स्टँडवर उभा होतो, एका पायात चप्पल, हातात कुण्या बाईचा रिकामा डबा. आणि एक कंडक्टर विचारत होता, "कुठलं देऊ?"

मंग सुरू झालं. मिक्सर लागला की घाम. पंखा फिरला की छातीत धडधड. डोळा लागला की चिंच.

गावानं माझ्यावर जी माया केली ती कुठल्या राजावर झाली नसेल. फेरोजभाईनं शिलाई मशीनची मोटार काढून ठेवली आणि पायानं मशीन मारू लागला. शेजारच्या बाया मिक्सर सोडून पाट्यावर चटणी वाटू लागल्या. रविवारी बुद्धविहारात गेलो तर पोरं पंखा बंद करायची आणि सगळी वंदना घामाघूम होऊन वर्तमानपत्रांनी वारा घेत चालायची. आमच्या गावात दुखवट्यात पाळत नाहीत एवढी शांतता माझ्यासाठी पाळली गेली.

आणि मी बिघडत गेलो. पंखा बंद झाला तेव्हा मला फ्रीज ऐकू यायला लागला. फ्रीज बंद केला तर डास.

गिरणी संगीता चालवत होती. तेवढा वेळ मी गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडं जाऊन बसायचो. संगीता पहाटे उठून स्वयंपाक करायची, मंग गिरणी, दुपारी धुणंभांडी, परत गिरणी. भुवया पांढऱ्या, आवाज बसलेला. अंबडचा एक गिरणीवाला आमची मोटार, दगड सगळंच उचलून न्यायला तयार झाला.

"देऊन टाकू," मी म्हणालो. "पिठाचा धंदा तसाबी छातीला वाईट."

"देऊ," संगीता म्हणाली. "आधी एकदा जालन्याला दाखवू. मंग खुशाल देऊ."

अशा रीतीनं मी त्या चार अक्षरांच्या खुर्चीत जाऊन बसलो.

मॅडमनी विचारलं, "गिरणीचा आवाज मनात आणा. शून्य ते शंभर, भीती किती?"

"पाचशे."

"शंभरच्या वर जागा नाही. त्यातच बसवा."

"मंग शंभर."

"आणि भीती आली तरी आपण निभावून नेऊ, याची खात्री किती?"

"शंभर," मी छाती काढून म्हणालो.

"मॅडम," संगीता म्हणाली, "शून्य लिहा. हे माणूस माठातलं पाणी पिताना पण आत माशी हाय का बघतंय."

मॅडमनी शून्य लिहिलं आणि पेन खाली ठेवला. "मला हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो," त्या म्हणाल्या. "भीती जाईल, मग मी गिरणीत जाईन, असं म्हणाल तर बसूनच राहाल. आधी खात्री वाढते, भीती तिच्यामागून उतरते. तुमचं गाव फार चांगलं आहे, पण त्यांनी बंद केलेला प्रत्येक पंखा तुमच्या मेंदूला एकच निरोप देतो, की ह्याला झेपणार नाही."

मंग त्या म्हणाल्या, "काय झालं ते सांगा. जसं झालं तसं."

मी खाकरलो आणि सुरू केलं. आभाळ काळं झालं, चिमणीएवढ्या माश्या...

"केवढ्या?"

"कबुतर म्हणत न्हाई मी. चिमणी."

"केवढ्या?"

"बोटाच्या पेराएवढ्या," मी म्हणालो. हे सांगताना मला किती त्रास झाला ते गोष्टी सांगणाऱ्यालाच कळेल.

"मग?"

"मंग मी पडलो. आंधार. डोळे उघडले ते अंबडला."

मॅडमनी कागदावर काहीतरी टिपलं. मधलं सगळं मला आठवत होतं, पण ते सांगायचं नव्हतं.

आमच्यासोबत त्या दिवशी अप्पा, म्हणजे माझे सासरे, आले होते. त्यांना डोळे दाखवायचे होते. मॅडमनी विचारलं, प्रसंगाच्या वेळी तिथं आणखी कुणी होतं का, आणि माझी हरकत नाही ना हे विचारून त्यांना आत बोलावलं. अप्पा खुर्चीच्या कडेला टेकले.

"पडले कुठं जावाई?" अप्पा म्हणाले. "समदे पळाले. माझे गुडघे धड न्हाईत, मी बसूनच होतो. जावाई तर बांधाच्या पल्याड पोचले होते. तिथून वापस आले. सतरंजीखालची ताडपत्री वढली, माझ्यावर टाकली आन् सोता आत घुसले. कडा पायाखाली दाबून धरल्या. मी हलून राह्यलो तर म्हनले, अप्पा, हलू नका, हललात तर मीच चावीन तुमाला."

मॅडम हसू दाबत होत्या. संगीता माझ्याकडं बघत होती. असं तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं.

"अप्पा, हे मला कधी सांगितलं न्हाई तुम्ही."

"कसं सांगू?" अप्पा म्हणाले. "त्यात जावायाचा पायजमा वला झाल्ता. लेकीला जावायाचा पायजमा कसा सांगायचा? माझंबी धोतर वलंच होतं म्हना. एका ताडपत्रीत कुनाचं कुनाला कळतंय."

मग मी हसायला लागलो आणि हसता हसता रडायला लागलो. नाक लाल होऊन ढब्बू मिरचीसारखं झालं.

घोळ असा झाला होता. गोष्टीत ओला पायजमा नको म्हणून मी ताडपत्री कापली. ताडपत्रीबरोबर माझं मागं वळणं कापलं गेलं. उरल्या त्या नुसत्या माश्या. त्यांना चिमणीएवढं करता करता मी माझ्याच गोष्टीत मुंगीएवढा झालो होतो, आणि रोज चौकात उभा राहून गावाला आणि स्वतःला तीच मुंगी दाखवत होतो.

"जो माणूस बांधापलीकडून परत आला," मॅडम म्हणाल्या, "त्याच्यापुढं शून्य लिहू का मी?"

त्या दिवशी त्यांनी वीस लिहिलं. मी पंचविसासाठी भांडलो. वीसवरच राहिलं.

उपचाराचं नाव एक्स्पोजर थेरपी. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ बेतानं, पायरीपायरीनं जायचं. मॅडमचे दोन नियम होते. जायच्या आधी काय होईल याचा अंदाज सांगायचा. आणि भीती चढली तरी ती उतरायला लागेपर्यंत जागा सोडायची नाही. हे आपल्या मनानं करू नका, जाणकार डॉक्टर सोबत लागतो.

पहिल्यांदा मॅडमनी मोबाईलवर माश्यांचा आवाज बारीक लावला. माझा अंदाज होता, हार्ट बंद पडेल. हार्ट चालू राहिलं. घाम आला, आणि मंग चहा आठवला. मॅडम म्हणाल्या, चहा आठवणं ही चांगली खूण आहे.

घरी मिक्सर झाला. मग विहारातला पंखा. पोरांनी तो लावला तेव्हा वंदनेला आलेल्या लोकांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी पाऊस पाडला.

मग फेरोजभाई. तो म्हणाला, "भगवानभाई, बराबर सांगा, लावू का मोटर? पाय पार गेले माझे. पण तुम्ही न्हाई म्हणले तर जिंदगीभर पायडल मारतो."

"लाव."

"पळणार तर न्हाई?"

"पळालो तर माझी विजार फुकट शिव."

"तुमची कमर बघता मला परवडत न्हाई," म्हणून त्यानं मोटार लावली. मी पळालो नाही. पूर्ण एक झबलं शिवून होईस्तोवर खांबाला धरून उभा राहिलो.

सगळं असं चढतंच गेलं असं समजू नका. अंबडला एका लग्नात डोक्यावर ड्रोन आला, फोटो काढायचा. वरात एकीकडं गेली आणि मी दुसरीकडं, थेट आचाऱ्याच्या कोठीत, आणि आतून कडी. गुलाबजामच्या पातेल्याशेजारी बसून मला वाटलं, संपलं सगळं, पुन्हा शून्य.

मॅडमना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "बाहेर कुणी काढलं?"

"मीच आलो. जेवणाची पंगत बसत होती."

"ड्रोन होता तेव्हा?"

"होता. फिरून राह्यलता वर."

"मग हे शून्य कसं?" त्या म्हणाल्या. "पुन्हा भीती येणार. ड्रोन येतील, माश्या येतील. कोठीत जाणं मोजू नका, बाहेर येणं मोजा."

गिरणी मात्र राहिली होती. मी बंद गिरणीत बसायला लागलो होतो, पण चालू गिरणीच्या आत पाऊल पडलं नव्हतं. तेवढ्यात अंबडचा तो गिरणीवाला ठरल्याप्रमाणं मशीन बघायला आला. बोलणं झालेलं, नाही कसं म्हणायचं? मी फेरोजभाईच्या दुकानात जाऊन बसलो. संगीतानं त्याला दाखवायला दळण टाकून गिरणी चालू केली.

घूं झालं. आवाज चढला. माझे तळहात ओले. ऐंशी, मी मनात म्हणालो. फेरोजभाईनं पाणी पुढं केलं.

तेवढ्यात त्या आवाजाच्या तळाशी मला दुसरं काहीतरी ऐकू आलं. फट. थोडं थांबून पुन्हा फट. पट्टा सैल झाला होता. असा पट्टा कधी निसटेल आणि कुठल्या अंगाला उडेल सांगता येत नाही, आणि संगीता नेहमी त्याच अंगाला उभी राहते.

"कुठं चालले?" फेरोजभाई म्हणाला.

"पट्टा," मी म्हणालो. तोवर मी आत होतो.

बटण बंद केलं. संगीताला बाजूला केलं. पाना घेऊन मोटारीचे नट ढिले केले, मोटार मागं ओढली, पट्टा ताणला, नट आवळले. पाना दोनदा पायावर पडला. मग उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, आता स्टार्टर दाबायला समोर मीच आहे.

संगीता बटणाकडं आली नाही. पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

मी दाबला.

अंदाज होता, बस स्टँड. पण पायांनी तो रस्ता घेतला नाही. माश्या आल्या, चिंच आली, धूर आला. मी त्यांच्यात उभा राहून पट्टा ऐकत होतो. फट येत नव्हतं. पट्टा सरळ चालला होता. ऐंशी, सत्तर, पुन्हा ऐंशी, साठ.

अंबडवाल्यानं पडत्या पिठात बोटं घातली. "पीठ जळत न्हाई. चांगली हाय. मंग कधी नेऊ?"

"न्हाई द्यायची आता," संगीता म्हणाली.

"आवो, बोलणं झाल्तं आपलं."

"माफ करा भाऊ, पण गिरणीवाला परत आला."

तो बराच पुटपुटला. त्याचं चुकलं नाही. चहा पाजून, माफी मागून त्याला बसमध्ये बसवलं. बस स्टँडवर या वेळी माझ्या दोन्ही पायांत चप्पल होती.

आता भीती गेली का, असं लोक विचारतात. न्हाई. आठवड्यातून एकदा तरी येते. मी तिला येऊ देतो, काम चालू ठेवतो, ती कंटाळून जाते. मॅडमच्या दुसऱ्या आकड्यात आता सत्तर आहे. त्या सत्तरवरच माझी गिरणी चालते. शंभर लागतच नाहीत, हे मला आधी ठाऊक असतं तर एवढे दिवस बहिणीच्या ओसरीवर काढले नसते.

अंबडच्या डॉक्टरांनी जीवदान दिलं, जालन्याच्या सिस्टरनी पाठ दिली, फेरोजभाईनं पाय दिले. अप्पांनी मला माझीच गोष्ट वापस दिली. तुमच्यावर काही ओढवलं असेल तर सांगताना लाजेचा भाग कापू नका. तुम्ही त्या दिवशी काय काय केलंत ते बहुतेक त्याच भागाला चिकटलेलं असतं. आणि ते आठवेना, तर तेव्हा तुमच्यासोबत कोण होतं त्याला विचारा.

परवा सकाळी दळणाचे डबे आले तेव्हा संगीता उठलेली नव्हती. मी एकटाच गेलो आणि स्टार्टर दाबला. छातीत धडधडलं, उभा राहिलो. एक दळण निघालं, दुसरं निघालं, बाया बोलायला लागल्या. मधेच मागच्या खोलीत डोकावून बघितलं. भिंत थरथरत होती, फळीवरची भांडी वाजत होती, आणि संगीता तोंडावर हात ठेवून गाढ झोपली होती.